ग्लेन बेक

ग्लेन ली बेक (जन्म : १० फेब्रुवारी, १९६४, एव्हरेट, वॉशिंग्टन राज्य, अमेरिका) हे अमेरिकन नभोवाणी निवेदक, दूरचित्रवाणीवरील राजकीय भाष्यकार, लेखक आणि माध्यम-उद्योजक आहेत. संगीत वाजवणाऱ्या रेडिओ केंद्रांवरील विनोदी निवेदक म्हणून त्यांनी सुरुवात केली. इ.स. २००० नंतर ते राजकीय चर्चेच्या रेडिओ कार्यक्रमांकडे वळले. २००६ ते २०११ या काळात प्रथम सीएनएन हेडलाइन न्यूज व नंतर फॉक्स न्यूज या वाहिन्यांवर त्यांचे दैनिक कार्यक्रम झाले. फॉक्स न्यूज सोडल्यावर त्यांनी वर्गणीवर चालणारी स्वतःची ऑनलाइन वाहिनी काढली. मोठ्या वाहिनीवर प्रसिद्ध झालेल्या भाष्यकाराने आपला प्रेक्षकवर्ग थेट इंटरनेटवर नेण्याच्या आरंभीच्या मोठ्या प्रयोगांत तिची गणना होते. अमेरिकेतील पुराणमतवादी विचारांच्या माध्यमांत त्यांचे स्थान महत्त्वाचे मानले जाते. त्याचबरोबर चिथावणीखोर विधाने आणि षड्‌यंत्राच्या सिद्धान्तांचा प्रसार यांसाठी त्यांच्यावर सातत्याने टीकाही झाली आहे.

पार्श्वभूमी : अमेरिकेतील चर्चा-नभोवाणी

बेक यांची कारकीर्द समजून घेण्यासाठी अमेरिकेतील चर्चा-नभोवाणीचा, म्हणजेच 'टॉक रेडिओ'चा, थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे. १९४९ पासून तेथे 'फेअरनेस डॉक्ट्रिन' या नावाने ओळखला जाणारा नियम लागू होता. सार्वजनिक महत्त्वाच्या वादग्रस्त प्रश्नांवर प्रसारण करताना केंद्रांनी विरोधी मतांनाही वाजवी स्थान द्यावे, असा त्याचा आशय होता. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या नियामक संस्थेने १९८७ मध्ये हा नियम रद्द केला. त्यानंतर एकाच बाजूचे मत तासन्‌तास मांडणारे कार्यक्रम प्रसारित करणे केंद्रांना सोपे झाले. १९८८ मध्ये रश लिंबॉ यांचा कार्यक्रम देशभर सुरू झाला आणि या प्रकाराला मोठी बाजारपेठ आहे, हे सिद्ध झाले.

याच सुमारास संगीताचे श्रोते अधिक स्वच्छ आवाज देणाऱ्या एफएम केंद्रांकडे गेले होते. रिकाम्या पडत चाललेल्या एएम केंद्रांना कमी खर्चात दिवस भरून काढणारे कार्यक्रम हवे होते आणि चर्चेच्या कार्यक्रमांनी ती गरज भागवली. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती रेडिओ केंद्रे बाळगावीत यावरील मर्यादा उठवली. त्यामुळे क्लिअर चॅनलसारख्या कंपन्यांकडे शेकडो केंद्रांची मालकी आली. एका ठिकाणी तयार झालेला कार्यक्रम अनेक केंद्रांना पुरवण्याच्या पद्धतीला 'सिंडिकेशन' म्हणतात. या कायद्यानंतर ती पद्धत अधिकच फोफावली. बेक यांचा राष्ट्रीय पातळीवरील उदय याच व्यवस्थेतून झाला.

बालपण

बेक यांचे बालपण वॉशिंग्टन राज्यातील माउंट व्हर्नन या लहान गावात गेले. तेथे त्यांच्या आईवडिलांची बेकरी होती. घरातील वातावरण रोमन कॅथलिक होते. आठव्या वाढदिवशी आईने त्यांना जुन्या काळातील गाजलेल्या नभोवाणी कार्यक्रमांची ध्वनिमुद्रिका भेट दिली. केवळ शब्दांच्या बळावर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभे करता येते, याचे आकर्षण आपल्याला त्या ध्वनिमुद्रिकेमुळे वाटू लागले, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. तेराव्या वर्षी एका स्पर्धेत जिंकून त्यांनी गावातील केबीआरसी या केंद्रावर एक तास निवेदन केले.

१९७७ मध्ये त्यांचे आईवडील विभक्त झाले. दोन वर्षांनी, मे १९७९ मध्ये, त्यांच्या आईचा प्युजेट साउंड या खाडीत बुडून मृत्यू झाला. त्या वेळी बेक पंधरा वर्षांचे होते. ही आत्महत्या होती असे बेक यांनी आपल्या कार्यक्रमांतून व लेखनातून सांगितले आहे. तत्कालीन तपासाच्या नोंदींतून मात्र तसा ठाम निष्कर्ष निघत नाही. या घटनेचा परिणाम त्यांच्या पुढील आयुष्यावर दीर्घकाळ राहिला. १९८२ मध्ये बेलिंगहॅम येथील सीहोम हायस्कूलमधून त्यांचे शालेय शिक्षण पूर्ण झाले. त्यांनी महाविद्यालयीन पदवी घेतली नाही.

संगीत-नभोवाणीतील वर्षे (१९८२–१९९९)

शालेय शिक्षण संपताच बेक यांनी रेडिओचा व्यवसाय पत्करला. युटा राज्यातील प्रोव्हो येथे काही महिने काम केल्यावर १९८३ मध्ये ते राजधानी वॉशिंग्टनमधील डब्ल्यूपीजीसी या केंद्रावर रुजू झाले. पुढे टेक्सासमधील कॉर्पस क्रिस्टी, केंटकीतील लुइव्हिल, ॲरिझोनातील फिनिक्स, टेक्सासमधील ह्यूस्टन, मेरीलँडमधील बाल्टिमोर आणि कनेक्टिकटमधील न्यू हेवन अशा शहरांत त्यांनी नोकऱ्या केल्या. अमेरिकेतील संगीत केंद्रांवरील निवेदकाचे आयुष्य असेच फिरतीचे असते. श्रोतृसंख्येचे आकडे घसरले की निवेदक बदलला जातो, आणि बेक यांनाही एकाहून अधिक वेळा नोकरी गमवावी लागली.

त्या काळात सकाळच्या वेळी 'मॉर्निंग झू' या नावाचा कार्यक्रमप्रकार लोकप्रिय होता. दोन-तीन निवेदकांची थट्टामस्करी, नकला, श्रोत्यांना दूरध्वनी करून केलेल्या फजित्या आणि अधूनमधून गाणी असे त्याचे स्वरूप असे. वेगवेगळे आवाज काढण्याचे कौशल्य, अचूक विरामांची जाण आणि श्रोत्याला जागेवर खिळवून ठेवण्याची हातोटी बेक यांनी येथेच कमावली. ह्यूस्टन व बाल्टिमोर येथील त्यांचे सहकारी पॅट ग्रे आणि न्यू हेवन येथे त्यांच्यासोबत काम करू लागलेले स्टू बर्गियर हे दोघे पुढेही दीर्घकाळ त्यांच्या कार्यक्रमांत राहिले.

या पद्धतीच्या विनोदाची दुसरी बाजूही न्यू हेवन येथे दिसली. १९९५ मध्ये आशियाई वंशाच्या अमेरिकन श्रोत्याची कार्यक्रमात टिंगल करण्यात आल्यावर स्थानिक संघटनांनी निषेध नोंदवला आणि केंद्राला माफी मागावी लागली.

व्यसनमुक्ती व धर्मांतर

तारुण्यात बेक मद्य व अमली पदार्थांच्या आहारी गेले होते. व्यवसायात वरचे वेतन मिळत असतानाही त्यांचे खाजगी आयुष्य विस्कटत गेले आणि १९९४ मध्ये त्यांचा पहिला विवाह संपुष्टात आला. त्याच सुमारास त्यांनी व्यसनमुक्तांच्या गटात जाऊन मद्य सोडले. १९९६ मध्ये त्यांनी येल विद्यापीठात ख्रिस्ती धर्मशास्त्राचा एक अभ्यासक्रम सुरू केला, परंतु तो पुढे चालू ठेवला नाही. १९९९ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला आणि त्याच वर्षी पत्नी व मुलांसह 'चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' म्हणजेच मॉर्मन पंथाचा स्वीकार केला.

अधःपतन, पश्चात्ताप आणि उद्धार या क्रमाने सांगितलेली ही आत्मकथा पुढे त्यांच्या कार्यक्रमांचा कायमचा भाग बनली. स्वतःच्या चुकांची कबुली देणारा, प्रसंगी डोळ्यांत पाणी आणणारा निवेदक ही त्यांची ओळख होती. श्रोत्यांना ती आपलेपणाची वाटे, तर टीकाकारांना नाटकी.

चर्चा-नभोवाणी व राष्ट्रीय प्रसिद्धी

इ.स. २००० च्या आरंभी फ्लोरिडातील टॅम्पा येथील डब्ल्यूएफएलए या एएम केंद्रावर 'द ग्लेन बेक प्रोग्रॅम' सुरू झाला. दुपारच्या त्या वेळेत अठराव्या क्रमांकावर असलेले हे केंद्र वर्षभरातच पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल फ्लोरिडातील फेरमतमोजणीवर अडकून राहिला होता. त्यामुळे राजकीय चर्चेला तेथे आपोआपच महत्त्व आले होते.

जानेवारी २००२ मध्ये क्लिअर चॅनलच्या मालकीच्या प्रीमियर रेडिओ नेटवर्क्स या कंपनीने हा कार्यक्रम ४७ केंद्रांवरून देशभर प्रसारित करण्यास सुरुवात केली. ११ सप्टेंबर, २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतरचा हा काळ होता. श्रोत्यांमध्ये भीती व देशभक्ती या दोन्ही भावना प्रबळ होत्या आणि बेक यांच्या निवेदनातही त्याच भावना केंद्रस्थानी होत्या. २००३ मध्ये इराकमधील युद्धाच्या वेळी त्यांनी सैन्याच्या समर्थनार्थ विविध शहरांत 'रॅली फॉर अमेरिका' या नावाने मेळावे घेतले. २००८ पर्यंत त्यांचा कार्यक्रम २८० हून अधिक केंद्रांवर आणि उपग्रह नभोवाणीवर ऐकू येऊ लागला. त्या वर्षी त्यांना अमेरिकन नभोवाणी क्षेत्रातील मानाचा मार्कोनी पुरस्कार मिळाला.

आपले सर्व उद्योग एका छत्राखाली आणण्यासाठी बेक यांनी 'मर्क्युरी रेडिओ आर्ट्स' ही कंपनी स्थापन केली होती. ऑर्सन वेल्स यांच्या 'मर्क्युरी थिएटर' या नाट्यसंस्थेवरून हे नाव घेतले आहे. वेल्स यांनी १९३८ मध्ये नभोवाणीवर सादर केलेल्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या नाट्याचे बेक चाहते आहेत.

सीएनएन हेडलाइन न्यूज (२००६–२००८)

मे २००६ मध्ये सीएनएन हेडलाइन न्यूज या वाहिनीवर बेक यांचा सायंकालीन कार्यक्रम सुरू झाला. रेडिओवरील निवेदकाला दूरचित्रवाणीवर आणण्याचा हा प्रयोग प्रेक्षकसंख्येच्या दृष्टीने यशस्वी ठरला. नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकन काँग्रेसवर निवडून आलेले पहिले मुस्लिम सदस्य कीथ एलिसन यांच्या मुलाखतीत बेक यांनी, आपण शत्रूंसाठी काम करत नाही हे सिद्ध करा, अशा आशयाचा प्रश्न विचारला. या प्रश्नावर मोठी टीका झाली. प्रश्नाची शब्दरचना चुकल्याचे बेक यांनी नंतर मान्य केले.

फॉक्स न्यूज (२००९–२०११)

ऑक्टोबर २००८ मध्ये बेक फॉक्स न्यूजमध्ये जाणार असल्याचे जाहीर झाले. १९ जानेवारी, २००९ रोजी, म्हणजे बराक ओबामा यांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, तेथील त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. सायंकाळी पाचची वेळ वाहिन्यांच्या दृष्टीने दुय्यम समजली जाते. तरीही काही महिन्यांतच त्यांच्या कार्यक्रमाला वीस लाखांहून अधिक प्रेक्षक मिळू लागले. सप्टेंबर २००९ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने त्यांचे छायाचित्र मुखपृष्ठावर छापले.

सादरीकरणाची पद्धत

बेक यांच्या कार्यक्रमात पाहुण्यांचा वादविवाद क्वचितच असे. फळा, खडू, भिंतीवर लावलेली छायाचित्रे आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा घेऊन ते शिक्षकाच्या आविर्भावात प्रेक्षकांसमोर उभे राहत. आर्थिक मंदी, बँकांना दिलेली सरकारी मदत, आरोग्य-विम्याचा कायदा या चालू घडामोडींचा संबंध ते विसाव्या शतकाच्या आरंभीच्या 'प्रोग्रेसिव्ह' चळवळीशी आणि वुड्रो विल्सन यांच्या कारकिर्दीशी जोडत. अमेरिकेची मूळ राज्यघटना व तिचे शिल्पकार यांच्या मार्गापासून देश हेतुपुरस्सर दूर नेला जात आहे, हे त्यांच्या मांडणीचे मुख्य सूत्र होते. इतिहासाच्या अभ्यासकांनी या मांडणीतील निवडक पुरावे, ओढूनताणून जोडलेले संबंध आणि मूळ संदर्भातून तोडलेली अवतरणे यांवर बोट ठेवले.

तथापि, त्यांच्या शिफारशीचा प्रभाव नाकारता येत नाही. डब्ल्यू. क्लिऑन स्काउसेन यांचे १९८१ मधील, जवळजवळ विस्मृतीत गेलेले 'द ५००० इयर लीप' हे पुस्तक २००९ मध्ये बेक यांच्या शिफारशीनंतर खपाच्या याद्यांत वर आले. जून २०१० मध्ये त्यांनी एक संपूर्ण कार्यक्रम अर्थशास्त्रज्ञ एफ. ए. हायेक यांच्या 'द रोड टू सर्फडम' (१९४४) या ग्रंथाला वाहिला. त्यानंतर हा ग्रंथ ॲमेझॉनच्या विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेला.

मेळावे व टी पार्टी चळवळ

मार्च २००९ मध्ये बेक यांनी '९-१२ प्रोजेक्ट' हा उपक्रम जाहीर केला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतरच्या दुसऱ्या दिवशी देशात असलेली एकजूट पुन्हा निर्माण व्हावी, असा त्याचा घोषित हेतू होता. करवाढ व सरकारी खर्च यांना विरोध करणाऱ्या टी पार्टी चळवळीला या उपक्रमातून अनेक स्थानिक गट मिळाले. १२ सप्टेंबर, २००९ रोजी वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या मोर्चातही या गटांचा सहभाग होता.

२८ ऑगस्ट, २०१० रोजी बेक यांनी लिंकन स्मारकासमोर 'रिस्टोअरिंग ऑनर' हा मेळावा भरवला. मार्टिन ल्यूथर किंग (कनिष्ठ) यांच्या १९६३ मधील ऐतिहासिक भाषणाचा तोच दिवस व तेच स्थळ निवडल्यामुळे नागरी हक्क चळवळीतील अनेकांनी आक्षेप घेतला. किंग यांची पुतणी अल्विडा किंग मात्र या मेळाव्यात वक्त्या होत्या. उपस्थितीच्या अंदाजांत मोठी तफावत आढळते. सीबीएस न्यूजने करवून घेतलेल्या हवाई छायाचित्रांच्या मोजणीत हा आकडा सुमारे ८७,००० आला, तर इतर काही अंदाज तीन लाख व त्याहूनही अधिक होते. राजकीय भाषणे टाळून धर्म, सैनिक व नैतिकता यांवर भर देणे हे या मेळाव्याचे वैशिष्ट्य होते.

वाद व जाहिरातदारांची माघार

२८ जुलै, २००९ रोजी फॉक्स न्यूजच्याच सकाळच्या एका कार्यक्रमात बेक यांनी, अध्यक्ष ओबामा यांच्या मनात गोऱ्या लोकांविषयी खोलवर द्वेष आहे, असे विधान केले. 'कलर ऑफ चेंज' या संस्थेने त्यानंतर बेक यांच्या कार्यक्रमाला जाहिराती न देण्याचे आवाहन केले आणि अनेक मोठ्या कंपन्यांनी आपल्या जाहिराती तेथून काढून घेतल्या. प्रेक्षकसंख्या मोठी असूनही नामांकित जाहिरातदार मिळेनासे झाले. बेक यांनी पुढे, ऑगस्ट २०१० मध्ये, या विधानाबद्दल खेद व्यक्त केला.

याच काळात बेक यांनी व्हाइट हाउसमधील हरित रोजगारविषयक सल्लागार व्हॅन जोन्स यांच्या पूर्वायुष्यातील राजकीय भूमिकांवर सातत्याने टीका केली. जोन्स यांनी सप्टेंबर २००९ मध्ये राजीनामा दिला. जोन्स हे कलर ऑफ चेंजचे एक सहसंस्थापक होते. मात्र बहिष्काराच्या वेळी ते संस्थेच्या कामात नव्हते.

समाजशास्त्रज्ञ फ्रान्सेस फॉक्स पिव्हन यांनी रिचर्ड क्लोवर्ड यांच्यासह १९६६ मध्ये लिहिलेल्या एका लेखाचा बेक वारंवार उल्लेख करत. कल्याणकारी योजनांवर ताण आणून अर्थव्यवस्था कोसळवण्याची ही योजना आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सत्तरी ओलांडलेल्या पिव्हन यांना यानंतर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. जानेवारी २०११ मध्ये 'सेंटर फॉर कॉन्स्टिट्यूशनल राइट्स' या संस्थेने फॉक्स न्यूजला पत्र लिहून हे थांबवण्याची मागणी केली. त्यापूर्वी जुलै २०१० मध्ये कॅलिफोर्नियात पोलिसांवर गोळीबार करणाऱ्या एका सशस्त्र इसमाचे लक्ष्य टाइड्स फाउंडेशन ही संस्था असल्याचे पोलिसांनी सांगितले होते. बेक यांनी या संस्थेवर आपल्या कार्यक्रमात अनेकदा टीका केली होती. हिंसेला आपण कधीही उत्तेजन दिले नाही, अशी बेक यांची भूमिका होती. निवेदकाच्या शब्दांची जबाबदारी कोठपर्यंत पोहोचते, हा प्रश्न या दोन्ही प्रकरणांमुळे अमेरिकन माध्यमांत चर्चिला गेला.

नोव्हेंबर २०१० मध्ये उद्योगपती जॉर्ज सोरोस यांच्यावरील तीन भागांच्या मालिकेत बेक यांनी सोरोस यांच्या नाझी काळातील बालपणाचे ज्या पद्धतीने चित्रण केले, त्याचा ज्यू संघटनांनी निषेध केला. जानेवारी २०११ मध्ये सुमारे ४०० रब्बींनी रूपर्ट मर्डोक यांना उद्देशून लिहिलेले खुले पत्र 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये जाहिरातीच्या रूपात प्रसिद्ध झाले.

जानेवारी २०११ मध्येच न्यू यॉर्क व फिलाडेल्फिया येथील रेडिओ केंद्रांनी त्यांचा कार्यक्रम बंद केला. दूरचित्रवाणीवरील प्रेक्षकसंख्याही पूर्वीपेक्षा घटली होती. ६ एप्रिल, २०११ रोजी वाहिनी व बेक यांनी दैनिक कार्यक्रम थांबवत असल्याचे संयुक्तपणे जाहीर केले. ३० जून, २०११ रोजी शेवटचा कार्यक्रम झाला.

ऑनलाइन माध्यमाकडे

फॉक्स न्यूजमध्ये असतानाच, ऑगस्ट २०१० च्या अखेरीस, बेक यांनी 'द ब्लेझ' हे वृत्त-संकेतस्थळ सुरू केले होते. १२ सप्टेंबर, २०११ रोजी त्यांची 'जीबीटीव्ही' ही इंटरनेट वाहिनी सुरू झाली. बेक यांच्या दोन तासांच्या दैनिक कार्यक्रमासाठी महिना ४.९५ डॉलर आणि सर्व कार्यक्रमांसाठी ९.९५ डॉलर अशी वर्गणी होती. व्हिडिओ प्रसारणाची तांत्रिक बाजू बेसबॉलचे सामने इंटरनेटवर दाखवणाऱ्या एमएलबी ॲडव्हान्स्ड मीडिया या कंपनीकडे होती. वाहिनी सुरू होतानाच तिचे दोन लाख तीस हजारांहून अधिक वर्गणीदार असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले.

या प्रयोगामागील हिशेब साधा होता. जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीला लाखो प्रेक्षक लागतात आणि जाहिरातदार नाराज झाल्यास ते प्रेक्षकही उपयोगी पडत नाहीत. वर्गणीवर चालणाऱ्या वाहिनीला तुलनेने थोडे, पण निष्ठावान प्रेक्षक पुरतात. जाहिरातदारांच्या बहिष्काराचा अनुभव घेतलेल्या बेक यांना ही दुसरी पद्धत अधिक सुरक्षित वाटली. मात्र तिचा तोटाही पुढे दिसून आला. वर्गणीदार ज्या मतासाठी पैसे देतात, त्या मतापासून निवेदक दूर गेला की उत्पन्नही घटते.

२०१२ मध्ये जीबीटीव्ही व द ब्लेझ यांचे एकत्रीकरण झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डिश नेटवर्क या उपग्रह सेवेवरही वाहिनी दिसू लागली. इंटरनेटवरील वाहिनी पारंपरिक दूरचित्रवाणीत शिरण्याचा हा उलटा प्रवास होता. बेक यांनी आपले मुख्यालय न्यू यॉर्कहून टेक्सासमधील डॅलसजवळ लास कोलिनास येथील चित्रपट स्टुडिओत हलवले.

बोस्टन प्रकरण

एप्रिल २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमधील बॉम्बस्फोटांत जखमी झालेल्या एका सौदी विद्यार्थ्याची पोलिसांनी चौकशी केली आणि त्याचा हल्ल्याशी संबंध नसल्याचे स्पष्ट केले. त्यानंतरही बेक यांनी अनेक दिवस या विद्यार्थ्याचा हल्ल्यात हात असल्याचा दावा चालू ठेवला. विद्यार्थ्याने २०१४ मध्ये बदनामीचा दावा दाखल केला. विद्यार्थी ही 'सार्वजनिक व्यक्ती' आहे, सबब दावा टिकत नाही, हा बेक यांच्या वकिलांचा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला. ज्यांच्या आधारावर आरोप केले गेले, त्या गुप्त सूत्रांची नावे उघड करण्याचा आदेशही २०१६ मध्ये देण्यात आला. त्यानंतर काही आठवड्यांतच दोन्ही पक्षांत तडजोड झाली. तिच्या अटी जाहीर झाल्या नाहीत.

आत्मपरीक्षण व बदलत्या भूमिका

जानेवारी २०१४ मध्ये फॉक्स न्यूजवरील एका मुलाखतीत बेक यांनी, देशात फूट पाडण्यात आपलाही वाटा होता, अशी खंत व्यक्त केली. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी मेक्सिकोच्या सीमेवर पोहोचलेल्या स्थलांतरित मुलांसाठी अन्न व खेळणी नेली. या कृतीमुळे त्यांच्याच अनेक समर्थकांनी त्यांच्यावर टीका केली. नोव्हेंबर २०१४ मध्ये, अनेक वर्षे आपण मज्जासंस्थेशी संबंधित गंभीर आजाराशी झुंजत होतो, असे त्यांनी जाहीर केले.

२०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत बेक यांनी टेड क्रूझ यांना पाठिंबा दिला आणि डोनाल्ड ट्रम्प यांना उघड विरोध केला. ट्रम्प यांच्याविरुद्ध 'नॅशनल रिव्ह्यू' नियतकालिकाने काढलेल्या विशेष अंकातील लेखकांत त्यांचा समावेश होता. त्या वर्षी त्यांनी 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' चळवळीतील लोकांचे म्हणणे सहानुभूतीने ऐकण्याचे आवाहन केले, तसेच उदारमतवादी विनोदकार सामंथा बी यांच्या कार्यक्रमातही ते सहभागी झाले. ज्यांनी त्यांना मोठे केले, त्या प्रेक्षकांपैकी बहुतेक ट्रम्प यांच्या बाजूने गेले होते. द ब्लेझची आर्थिक स्थिती त्याआधीपासूनच बिकट होत होती. ऑगस्ट २०१७ मध्ये बेक यांच्या कंपन्यांतील एक पंचमांशाहून अधिक कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्यात आले.

मे २०१८ मध्ये बेक यांनी कार्यक्रम चालू असताना ट्रम्प यांच्या घोषवाक्याची लाल टोपी डोक्यावर घातली आणि २०२० मध्ये त्यांना मत देण्याचे जाहीर केले. माध्यमांचे ट्रम्प यांच्याविषयीचे पक्षपाती वृत्तांकन हे कारण त्यांनी दिले. प्रेक्षक टिकवण्यासाठी केलेली ही माघार आहे, असे टीकाकारांचे मत पडले. डिसेंबर २०१८ मध्ये द ब्लेझ व 'सीआरटीव्ही' ही दुसरी पुराणमतवादी ऑनलाइन वाहिनी यांचे विलीनीकरण होऊन 'ब्लेझ मीडिया' ही कंपनी स्थापन झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये बेक यांनी ट्रम्प यांची मुलाखत घेतली.

सेवाकार्य

२०११ मध्ये बेक यांनी 'मर्क्युरी वन' ही धर्मादाय संस्था स्थापन केली. आपत्तीग्रस्तांना मदत करणे हे तिचे प्रमुख कार्य आहे. 'नाझरीन फंड' या उपक्रमातून मध्यपूर्वेतील छळ होणाऱ्या ख्रिस्ती व इतर अल्पसंख्याकांच्या स्थलांतरास साहाय्य करण्यात आले. २०२१ मध्ये अफगाणिस्तानातून लोकांना बाहेर काढण्यासाठीही या उपक्रमाने निधी उभारला.

ग्रंथलेखन

बेक यांची बहुतेक पुस्तके सहलेखकांच्या व संशोधन-साहाय्यकांच्या मदतीने लिहिलेली आहेत. ललित, ललितेतर व बालसाहित्य अशा वेगवेगळ्या विभागांत 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या खपाच्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर पोहोचली. निवडक पुस्तके पुढीलप्रमाणे :

• द रिअल अमेरिका (२००३)
• ॲन इनकन्व्हीनियंट बुक (२००७)
• द ख्रिसमस स्वेटर (२००८) – आईच्या आठवणींवर आधारलेली कादंबरी
• ग्लेन बेक्स कॉमन सेन्स (२००९) – थॉमस पेन यांच्या १७७६ मधील पुस्तिकेपासून प्रेरणा घेतलेले
• आर्ग्युइंग विथ इडियट्स (२००९)
• द ओव्हर्टन विंडो (२०१०) – राजकीय रहस्यकादंबरी
• ब्रोक (२०१०)
• मिरॅकल्स अँड मॅसकर्स (२०१३)
• ॲडिक्टेड टू आउटरेज (२०१८)
• द ग्रेट रीसेट (२०२२)

मूल्यमापन

बेक यांच्याविषयीची मते टोकाची आहेत. समर्थकांच्या मते, सामान्य नागरिकांना राज्यघटना व इतिहास वाचायला प्रवृत्त करणारे ते निर्भीड भाष्यकार आहेत. विरोधकांच्या मते, भीती व संशय यांना मनोरंजनाचे रूप देऊन त्यांनी सार्वजनिक चर्चेची पातळी खालावली. पुराणमतवादी गटातही त्यांच्या षड्‌यंत्रवादी मांडणीला विरोध करणारे विचारवंत आहेत.

माध्यमांच्या अभ्यासात त्यांच्या कारकिर्दीचे महत्त्व वेगळ्या कारणासाठीही आहे. संगीत केंद्र, चर्चा-नभोवाणी, केबल वाहिनी आणि वर्गणीची इंटरनेट वाहिनी हे चारही टप्पे एकाच व्यक्तीच्या आयुष्यात आले. प्रत्येक टप्प्यावर निवेदकाला पैसे देणारा बदलला : प्रथम स्थानिक केंद्र, मग सिंडिकेशन कंपनी, नंतर जाहिरातदार व वाहिनी, आणि शेवटी थेट प्रेक्षक. संपादकीय नियंत्रणही त्यानुसार सैल होत गेले. फॉक्स न्यूज सोडून पुढे स्वतःचे ऑनलाइन कार्यक्रम सुरू करणाऱ्या बिल ओ'रायली व टकर कार्लसन यांच्यासारख्या निवेदकांनी जो मार्ग धरला, तो बेक यांनी काही वर्षे आधीच चोखाळला होता.

हेही पाहा

• रश लिंबॉ
• फॉक्स न्यूज
• टी पार्टी चळवळ
• फेअरनेस डॉक्ट्रिन
• पॉडकास्ट